महामारी, सत्ता आणि संशय

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगावर जे संकट कोसळले, त्याचे वाङ्मय एव्हाना बरेच साचले आहे. रोजनिशा, कविता, डॉक्टरांची आत्मकथने, शासकीय अहवाल असे नाना प्रकार त्यात आहेत. त्यांपैकी एका शाखेचा परामर्श घ्यावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ही शाखा संशयवाद्यांची. टाळेबंदी, मुखपट्टी, लशीची प्रमाणपत्रे, संसर्गाचा माग काढणारी मोबाइलवरील ॲप या साऱ्यांकडे ज्यांनी अविश्वासाने पाहिले आणि तो अविश्वास लिहून ठेवला, त्यांचे हे लेखन. आपल्याकडे त्याचा समाचार बहुधा दोनच रीतींनी घेतला जातो. कोणी त्यास वेडगळपणा म्हणून केराची टोपली दाखवतो, तर कोणी त्यातील अक्षरन् अक्षर वेदवाक्य मानून दुसऱ्याच्या गळी उतरवू पाहतो. दोन्ही रीतींत वाचण्याचे श्रम टळतात, एवढेच त्यांचे साम्य. समीक्षेला ही सवलत घेता येत नाही. कोणता संशय आधारावर उभा आहे आणि कोणता केवळ आवेशावर, हे निवडून दाखविणे तिचे कामच आहे.

या शाखेतील सर्वांत विद्वान लेखक कोण, असा प्रश्न केल्यास इटलीचे तत्त्वचिंतक जोर्जो आगांबेन यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. १९४२ साली रोम येथे जन्मलेल्या या लेखकाने १९९५ च्या ‘होमो साकेर’ या ग्रंथापासून एकच सूत्र चिकाटीने विणत आणले आहे. संकटाचे निमित्त करून राज्यसंस्था कायदा स्थगित करते, ही अपवादाची स्थिती हळूहळू नित्याची होऊन बसते, आणि तीत माणसाचे नागरिकत्व गळून पडून त्याचे केवळ ‘उघडे जीवन’, म्हणजे श्वास घेणारा देह, तेवढा शिल्लक राहतो, हे ते सूत्र. २६ फेब्रुवारी २०२० रोजी, म्हणजे इटलीत साथ नुकतीच पसरू लागली असता, त्यांनी एक टिपण प्रसिद्ध केले आणि साथीच्या भयाने केलेले उपाय अवास्तव व निराधार ठरविले. त्यानंतर त्यांनी लिहिलेली टिपणे व दिलेल्या मुलाखती त्याच वर्षी ग्रंथरूपाने आल्या. ‘आपण कुठे येऊन पोचलो आहोत?’ हा त्या ग्रंथाच्या नावाचा अर्थ, आणि ‘राजकारण म्हणून महामारी’ हे त्याचे उपशीर्षक. २०२१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाल्यावर तो आपल्याकडील वाचकांच्याही हाती पडला. या ग्रंथाचे परीक्षण करताना त्या अनुषंगाने येणाऱ्या दोन-तीन इतर ग्रंथांकडे व घटनांकडेही आम्हांस वळावे लागेल.

प्रथम ग्रंथाच्या गुणांविषयी. आगांबेन यांचा संशय आयत्या वेळी उसना घेतलेला नाही. २००४ साली अमेरिकेने परदेशी पाहुण्यांच्या बोटांचे ठसे घेण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठातील आपले अध्यापन रद्द केले आणि त्यामागचे कारण जाहीरपणे लिहिले. आपल्या मतासाठी पदरमोड सोसणारा हा लेखक आहे, हे विसरता कामा नये. प्रस्तुत ग्रंथातील सर्वांत प्रभावी भाग मृतांविषयीचा आहे. आप्तेष्टांना एकाकी मरू देणे आणि त्यांचे अंत्यसंस्कार विधिपूर्वक होऊ न देणे, ही गोष्ट आपण इतक्या सहजतेने कशी स्वीकारली, असा प्रश्न ते एप्रिल २०२० मध्ये विचारतात आणि त्यासाठी थेट ग्रीक नाटककाराच्या अँटिगॉनीची आठवण देतात. भावाच्या प्रेताला मूठभर माती मिळावी म्हणून राजाज्ञा मोडणाऱ्या त्या मुलीचा दाखला येथे शोभेचा म्हणून येत नाही. ज्या घरांनी आपले माणूस रुग्णालयाच्या दाराशी सोडले आणि नंतर केवळ एक कागद परत आणला, त्या घरांना या पानांतील व्यथा निराळी समजावून सांगावी लागणार नाही. साथ ओसरल्यावरही हा प्रश्न ओसरलेला नाही, आणि तो विचारल्याबद्दल आपण या लेखकाचे ऋणी आहोत.

अपवादाची स्थिती या त्यांच्या कल्पनेलाही आपल्याकडे आधार सापडतो. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली आणि चार तासांत ती लागू झाली. तीमागे २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा होता. राज्यांनी १८९७ चा साथरोग कायदाही हाती घेतला. त्यानंतर मजुरांचे जे तांडे पायी गावाकडे निघाले, त्यांच्या हिशेबात हे चार तास फार थोडे होते. ८ मे २०२० रोजी जालन्याहून भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघालेले सोळा मजूर औरंगाबाद जिल्ह्यात करमाडनजीक मालगाडीखाली सापडून मरण पावले. ते रोगाने मेले नाहीत, ही गोष्ट त्या काळातील कोणत्याही प्रामाणिक हिशेबात नोंदवावी लागेल. आज्ञा देणाऱ्याने आज्ञेचा परिणाम मोजावा, ही अपेक्षा राजद्रोह नव्हे.

येथवर आम्ही ग्रंथकाराच्या समवेत आहोत. पुढे मात्र वाटा फुटतात.

ग्रंथाचा पहिला दोष पुराव्याविषयीचा आहे. फेब्रुवारीतील टिपणात आगांबेन यांनी इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या एका निवेदनाचा आधार घेतला होता. देशात साथ नाही, आणि ज्यांना संसर्ग होतो त्यांपैकी शेकडा ऐंशी ते नव्वद जणांस सौम्य वा मध्यम लक्षणेच असतात, असे त्या निवेदनात होते. त्याच निवेदनात सुमारे चार टक्के रुग्णांस अतिदक्षता विभागाची गरज पडेल, असेही म्हटले होते. चार टक्के ही संख्या लहान दिसते. परंतु संसर्ग लक्षावधींना होणार असेल तर ती किती होईल, हे सातवीतील विद्यार्थीही त्रैराशिक मांडून सांगेल. तीन आठवडे उलटले नाहीत तोच, १८ मार्च रोजी, बेर्गामो शहरातील शवपेट्या वाहून नेण्यास लष्करी गाड्या आणाव्या लागल्या, कारण तेथील स्मशानव्यवस्था अपुरी पडली. त्या वर्षअखेर इटलीतील मृतांची नोंदलेली संख्या सत्तर हजारांच्या पुढे गेली होती. असे असता ग्रंथरूप देतेवेळी आरंभीच्या टिपणाचा पुनर्विचार व्हावयास हवा होता. तो झालेला नाही. आकडे देणाऱ्या संस्थांवर अविश्वास दाखवून लेखक पुढे सरकतो. आपल्याला अनुकूल असलेला आकडा घेताना ज्या विज्ञानाला साक्षीस बोलवावे, तेच प्रतिकूल आकडा देऊ लागले की त्यास धर्मपीठ म्हणून हिणवावे, ही तर्काची शिस्त नव्हे.

या संदर्भात एक प्रसंग उल्लेखनीय आहे. आगांबेन यांच्या पहिल्या टिपणास दुसऱ्याच दिवशी उत्तर आले, ते त्यांचे जुने स्नेही, फ्रेंच तत्त्वज्ञ झां-लुक नान्सी यांचे. सुमारे तीस वर्षांपूर्वी डॉक्टरांनी नान्सी यांस हृदयरोपण करण्याचा सल्ला दिला, तेव्हा तो मानू नका असे सांगणाऱ्या अगदी थोड्या लोकांत आगांबेन होते; त्यांचे ऐकले असते तर आपण लवकरच मेलो असतो, असे नान्सी यांनी कटुतेचा लवलेश न आणता लिहिले. माणसाच्या हातून चूक होऊ शकते, एवढेच ते म्हणतात, आणि मित्राच्या सौजन्याची साक्षही देतात. नान्सी पुढे २०२१ पर्यंत जगले. या चार ओळींच्या आठवणीने जे साधले, ते मोठमोठ्या खंडनग्रंथांना साधले नाही. वैद्यकावरील सर्वंकष संशयाची किंमत कोणीतरी देहाने भरत असतो, आणि तो देह बहुधा संशय घेणाऱ्याचा नसतो.

दुसरा दोष तत्त्वाचा आहे. ‘उघडे जीवन’ वाचविण्याच्या धडपडीत आपण चांगले जीवन गमावले, असे आगांबेन म्हणतात. या वाक्यात एक गृहीत दडले आहे. देह वाचविणे ही खालच्या पायरीची गोष्ट आणि धर्म, स्नेह, राजकारण ही वरच्या पायरीची, असे ते गृहीत होय. ज्याला रोजच्या भाकरीची भ्रांत नाही त्याला ही विभागणी सुचू शकते. पण देह वाचविणे हेच काही वेळा सर्वांत मोठे नैतिक कृत्य ठरते, आणि याचा दाखला शोधण्यास आपल्याला युरोपात जावयास नको. १८९७ साली पुण्यात प्लेग शिरला असता सावित्रीबाई फुले आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णसेवेस उभ्या राहिल्या आणि त्या सेवेतच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. संतांनी कुष्ठरोग्यांस कवटाळले होते, ते आजच्या धर्मपीठाने विसरावे काय, असे आगांबेन विचारतात. प्रश्न रास्त आहे. मात्र रुग्णाला कवटाळणारी व्यक्ती त्याला दवाखान्यातच आणीत होती, उपचारापासून दूर नेत नव्हती, हे सावित्रीबाईंच्या चरित्राकडे पाहणाऱ्यास दिसते.

किंबहुना आगांबेन ज्या वादाला अभूतपूर्व मानतात, तो वाद मराठीत सव्वाशे वर्षांपूर्वी कडाक्याने लढला गेला आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. त्या इवल्याशा कायद्याने सरकारास जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घरे तपासण्यास आरंभ केला. स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली, कशाचाच विधिनिषेध राहिला नाही. २२ जून १८९७ च्या रात्री रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट त्याच रात्री गेला, रँड ३ जुलैला. या इतिहासातून आपल्याला संशयाचे दोन निरनिराळे नमुने मिळतात. टिळकांनी साथ आटोक्यात आणण्याच्या उपायांस विरोध केला नाही. ते शहर सोडून गेले नाहीत, त्यांनी हिंदू प्लेग हॉस्पिटलची उभारणी केली, आणि त्याच वेळी तपासणीच्या जुलमी पद्धतीवर ‘केसरी’तून कोरडे ओढले. ‘केसरी’तील लेखनावरून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि सप्टेंबरात अठरा महिन्यांची सजाही झाली. दुसरा नमुना दामोदर हरी चापेकरांच्या आत्मवृत्तात दिसतो. तुरुंगात लिहिलेले हे आत्मवृत्त मराठी गद्याचा एक दाहक दस्तऐवज आहे. परंतु त्यात प्लेगच्या जुलमाचा संताप आणि सुधारकांविषयीचा संताप एकमेकांत असे मिसळले आहेत की कोठे एक संपतो आणि कोठे दुसरा सुरू होतो, हे वाचकास सांगता येत नाही. त्यांच्या धैर्याविषयी दुमत नाही. येथे प्रश्न विचारपद्धतीचा आहे. एक संशय विशिष्ट आज्ञेवर बोट ठेवतो, दुसरा सगळ्या जगाशीच वैर धरतो. आगांबेन यांचा ग्रंथ आरंभी पहिल्या जातीचा वाटतो आणि पुढे पुढे दुसऱ्या जातीचा होत जातो.

तिसरा दोष आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो दृष्टीच्या दिशेचा आहे. आगांबेन यांची नजर राज्यसंस्थेवर इतकी खिळलेली आहे की तिच्या शेजारी उभी असलेली कंपनी त्यांस अंधुकच दिसते. वास्तविक महामारीत जे नवे घडले, ते येथेच घडले. १० एप्रिल २०२० रोजी ॲपल आणि गूगल या दोन कंपन्यांनी संयुक्त घोषणा केली. दोन मोबाइल एकमेकांच्या सान्निध्यात आल्याची नोंद ब्लूटूथद्वारे ठेवावयाची, ती मोबाइलवरच राहू द्यावयाची, एका मध्यवर्ती कोठारात जमा करावयाची नाही, आणि जागेचा ठावठिकाणा घ्यावयाचा नाही, अशी ती योजना होती. खासगीपणाच्या दृष्टीने योजना चांगली होती. ब्रिटनच्या सरकारास मध्यवर्ती कोठार हवे होते. त्याने मे महिन्यात वाइट बेटावर स्वतःच्या ॲपची चाचणीही घेतली. पण या कंपन्यांच्या मोबाइलवर ते नीट चालेना, तेव्हा जूनमध्ये त्यास कंपन्यांच्या पद्धतीकडे वळावे लागले. येथे विचारी माणसास दुहेरी अस्वस्थता वाटते. निर्णय योग्य झाला, परंतु तो कोणी केला? ज्यांना कोणी मत दिले नाही अशा दोन कंपन्यांनी एका निर्वाचित सरकारला मर्यादा घालून दिली. आज ती मर्यादा नागरिकाच्या हिताची होती. उद्याची कोणी हमी द्यावी? सार्वभौम तो, जो अपवाद ठरवतो, या जुन्या जर्मन सिद्धान्तावर आगांबेन यांची सारी मांडणी उभी आहे. हा सिद्धान्त या प्रसंगाला लावून पाहिला असता, तर ग्रंथास केवढे बळ आले असते!

ही उणीव भरून काढणारा ग्रंथ त्याआधीच आलेला होता. हार्वर्डमधील प्राध्यापिका शोशाना झुबॉफ यांचा पाळतखोर भांडवलशाहीवरील बृहद्ग्रंथ २०१९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. माणसाच्या वागणुकीचा जो तपशील सेवा पुरविण्यास लागत नाही, असा उरलेला तपशील हाच या कंपन्यांचा कच्चा माल होय, आणि त्यापासून माणूस पुढे काय करील याचे भाकीत बनवून ते विकले जाते, हे त्यांचे प्रतिपादन आहे. २००१ च्या सप्टेंबरातील हल्ल्यानंतर अमेरिकी शासनाचे लक्ष खासगीपणाच्या रक्षणावरून सुरक्षिततेकडे वळले आणि त्या वाऱ्यावर या कंपन्यांचे तारू सुसाट निघाले, हा त्यांचा इतिहासही पटण्याजोगा आहे. ग्रंथ पाल्हाळिक आहे. नव्या संज्ञा घडविण्याची हौस लेखिकेस आवरत नाही. जुनी भांडवलशाही जणू सज्जन होती, असा सूरही अधूनमधून लागतो. तथापि भय आले की राज्य आणि कंपनी एकमेकांस कसे सावरून घेतात, हे समजून घेण्यास आगांबेन यांच्यापेक्षा झुबॉफ अधिक उपयोगी पडतात.

आपल्या देशातील अनुभव या दोघांच्या मध्ये कोठेतरी पडतो. २ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने ‘आरोग्य सेतू’ आणले. १ मे च्या आदेशाने ते सरकारी व खासगी कर्मचाऱ्यांस सक्तीचे झाले. १७ मे च्या आदेशात ती सक्ती सौम्य झाली. मे महिन्यातच माहिती किती दिवस ठेवावी याचे नियम निघाले, परंतु तोवर कोट्यवधी लोकांनी ते मोबाइलवर घेतले होते. ऑक्टोबरमध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे असा विलक्षण प्रकार आला की, हे ॲप तयार कोणी केले याची माहिती आपल्यापाशी नाही, असे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने कळविले होते. आयोगाने त्याबद्दल कारणे दाखविण्याची नोटीस काढली. जानेवारी २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने नागरिकाच्या संमतीविना त्याची आरोग्यविषयक माहिती इतरांस देण्यास अंतरिम मनाई केली. सिंगापूरचा दाखला याहून बोलका आहे. तेथील ‘ट्रेसटुगेदर’ची माहिती केवळ संसर्गाचा माग काढण्यास वापरली जाईल, असे आश्वासन होते. जानेवारी २०२१ मध्ये ती गुन्ह्यांच्या तपासासाठी पोलिसांसही मिळू शकते, हे सरकारास मान्य करावे लागले. पुढील महिन्यात कायदा करून तो वापर गंभीर गुन्ह्यांच्या सात प्रकारांपुरता मर्यादित केला गेला. एका कारणासाठी जमविलेली माहिती दुसऱ्या कारणाकडे वाहत जाते, हा संशय आगांबेन यांच्या कोणत्याही सिद्धान्तावाचून सिद्ध झाला. यासाठी महामारी खोटी ठरविण्याची काडीमात्र आवश्यकता नव्हती.

आता आम्हां शिक्षकांस सर्वाधिक लागणाऱ्या भागाकडे वळू. मे २०२० मधील एका टिपणात आगांबेन विद्यार्थिजीवनाचे मृत्युगीत गातात आणि पडद्यावरून शिकविण्यास मान्यता देणाऱ्या प्राध्यापकांची तुलना १९३१ साली फॅसिस्ट राजवटीशी एकनिष्ठतेची शपथ घेणाऱ्यांशी करतात. त्या वेळी हजाराहून अधिक प्राध्यापकांपैकी जेमतेम डझन-दीड डझन लोकांनीच नकार दिला होता. ही तुलना अन्यायाची आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे. ज्या शिक्षकांनी स्वतःच्या पैशाने मोबाइलचे रिचार्ज केले, ज्यांच्या वर्गातील निम्म्या मुलांच्या घरी मोबाइलच नव्हता म्हणून जे गल्लोगल्ली ओट्यावर फळा मांडून बसले, त्यांनी कोणत्या हुकूमशहाची शपथ घेतली? पर्याय हाती असताना भ्याडपणे सही करणे वेगळे आणि पर्याय उरला नसताना मुलाचा हात न सोडणे वेगळे.

असे असूनही, अन्यायी तुलनेच्या तळाशी एक सत्य आहे. जे साधन आपद्धर्म म्हणून घरात आले ते घरधनी होऊन बसले, आणि त्याची किंमत काय, हे आपण विचारले नाही. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ साली ४९ देशांतील सरकारांनी पुरस्कारलेली दीडशेहून अधिक शैक्षणिक साधने तपासली. दर दहांपैकी जवळजवळ नऊ साधने मुलांच्या हक्कांस बाधा आणील अशा रीतीने त्यांची माहिती हाताळत असल्याचे तिला आढळले. आपल्या शासनाचे ‘दीक्षा’ही त्या पाहणीत होते. जानेवारी २०२३ मध्ये तर ‘दीक्षा’वरील दहा लाखांहून अधिक शिक्षकांची आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती असुरक्षितपणे उघडी राहिल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. शाळेचे हजेरीपत्रक मुख्याध्यापकाच्या कपाटात कुलपाखाली ठेवण्याचा दंडक आपण पिढ्यान्पिढ्या पाळला. तेच हजेरीपत्रक वेशीवर टांगले गेले, तेव्हा आपल्या सभांत त्यावर एखादा ठराव तरी झाला काय? आगांबेन यांनी आपल्याला भित्रे म्हटले ते चूक. आपण बेसावध होतो, हे मात्र नाकारता येणार नाही.

या विषयाला भाषेचे एक अंग आहे, आणि साहित्यसंस्थेच्या नियतकालिकात ते वगळणे योग्य होणार नाही. साथीच्या आरंभी जो इंग्रजी शब्दप्रयोग जगभर फिरला, त्याचे मराठी रूप ‘सामाजिक अंतर’ असे झाले. आगांबेन यांनीही त्या शब्दप्रयोगावर आक्षेप घेतला आहे. परंतु ज्या समाजाने शतकानुशतके माणसांना हाताच्या अंतरावर उभे केले, त्या समाजाच्या भाषेत या दोन शब्दांचा अर्थ किती भयंकर होतो, हे त्यांस ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपल्याला ठाऊक होते. ‘सुरक्षित अंतर’ हा साधा शब्द हाताशी असताना आपण तो उशिरा उचलला.

दुसरा शब्द याहून कळीचा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, जो हक्क मूलभूत म्हणून एकमताने मान्य केला, त्याला मराठीत काय म्हणावे? वृत्तपत्रे ‘गोपनीयता’ लिहितात. गोपनीय म्हणजे लपविण्याजोगे. एकदा हा शब्द स्वीकारला की, माझ्यापाशी लपविण्यासारखे काहीच नाही, मग मला भय कसले, हा युक्तिवाद आपोआप जिंकतो. ‘खासगी’ हा शब्द अधिक जवळचा आहे, आणि त्याचा इतिहासही उद्बोधक आहे. मराठी संस्थानांत खासगी म्हणजे राजघराण्याचा स्वतंत्र खर्च व मालमत्ता. होळकरांची खासगी इंदूरच्या वाचकांस परिचित आहेच. म्हणजे आपल्या भाषेत खासगी होती, पण ती राजाराणीची होती. रयतेची खासगी कोणी मानली नव्हती. न्यायालयाने २०१७ मध्ये जे केले, त्याचे मराठी भाषांतर करावयाचे तर ‘रयतेलाही खासगी आहे’ असेच करावे लागेल. शासनास त्या खासगीत शिरावयाचे असल्यास कायदा हवा, उचित हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, अशी कसोटी त्या निकालात आहे. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. परंतु आपल्या यंत्रणांस त्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. आगांबेन यांच्या ग्रंथात विध्वंसाचे भविष्य पुष्कळ आहे. अशी एखादी कसोटी मात्र शोधून सापडत नाही.

शेवटी वाङ्मयप्रकाराविषयी दोन शब्द. हा ग्रंथ टिपणांचा आहे. टिपणात सूत्रमय विधाने शोभून दिसतात, आणि आगांबेन यांची शैली त्या बाबतीत अव्वल दर्जाची आहे. परंतु संपूर्ण ग्रंथात एकही रुग्ण नाही. रुग्णशय्येशी बसलेली परिचारिका नाही, श्वासासाठी तडफडणारा म्हातारा नाही. आहेत त्या साऱ्या संकल्पना. १९४७ मधील आल्बेर काम्यू यांची प्लेगवरील कादंबरी याच्याशी ताडून पाहावी. तेथेही अधिकारी रोगाचे नाव घेण्यास कचरतात, वेशी बंद होतात, प्रेते घाईघाईने पुरली जातात. शासनावरील संशय तेथेही आहे. मात्र सांगणारा स्वतः डॉक्टर आहे, रोज रुग्ण पाहणारा आहे, म्हणून त्याच्या संशयाला माणसाचा स्पर्श सुटत नाही. उघड्या जीवनाची एवढी मीमांसा करणाऱ्या लेखकाच्या पानांत जिवंत देहच नसावा, हा या ग्रंथाचा कलादृष्ट्याही मोठा दोष होय.

सत्ता आणि साथ यांचे नाते जुलमाचेच असते, असेही नाही. इंदूरला नगररचनेच्या कामासाठी आलेल्या पॅट्रिक गेडीस यांची हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी सांगितली आहे. दरबारासाठीचा त्यांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्लेग हटविण्यासाठी त्यांनी घरझडतीचा मार्ग धरला नाही. दिवाळीच्या सुमारास मोठी मिरवणूक काढण्याचे जाहीर केले, आणि जे रस्ते व घरे सर्वांत स्वच्छ होतील त्या वाटेने ती जाईल, असे सांगितले. लोकांनी आपण होऊन घरे झाडली, रंगविली, कचऱ्याचे ढीग गाडीगाडीने उचलले गेले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमाही होती. पुण्यात सोजिराने दार फोडले, इंदुरात गृहस्थाने स्वतः उघडले. काळ थोड्या वर्षांच्या अंतराचा, रोग तोच, शास्त्रही जवळपास तेच.

तेव्हा या ग्रंथाविषयी आमचे मत असे की, शिक्षकांनी तो अवश्य वाचावा, पण एकटा वाचू नये. शेजारी नान्सी यांचे छोटे उत्तर, झुबॉफ यांचा ग्रंथ आणि १८९७ चा ‘केसरी’ असू द्यावा. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही, परंतु तिच्यासोबत येणाऱ्या आज्ञा आणि नोंदवह्या कोणत्या स्वरूपाच्या असतील, याचा अंदाज आता करता येतो. त्या दिवशी वर्गातील मुलाने विचारावयाचे प्रश्न आजच शिकविले पाहिजेत : ही आज्ञा कोणत्या कायद्याने, किती दिवसांसाठी, माझे नाव कोणत्या वहीत गेले आणि ती वही कोण पुसणार? हे विचारून झाल्यावर त्याने मुखपट्टी नीट बांधावी आणि शेजारच्या आजारी माणसाच्या दाराशी जेवणाचा डबा ठेवून यावा.